राक्षसाचा फासा कसा वाचावा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हे नाव आता आपल्याकडच्या पोरांना परकं राहिलेलं नाही. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये ती चार मुलं तळघरात खेळताना पाहिली, मोबाइलवर नियम उतरवून घेतले, रंगीत फाशांचा संच मागवला, की एखाद्या सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या भाड्याच्या खोलीत किंवा कुणाच्या तरी घराच्या गच्चीवर डाव मांडला जातो. आणि पुष्कळदा पहिल्याच लढाईत दोन जण आडवे होतात. गोष्ट चालवणारा, म्हणजे डीएम, गोंधळून पुस्तकाकडे बघतो. जनावराच्या नावापुढे डॅमेज तर फक्त पाच लिहिलेलं असतं.

त्या पाचाच्या मागे काय दडलेलं असतं, ते नवख्या डीएमला आणि खेळाडूंना कळावं म्हणून हा लेख. उदाहरणं मी सुप्याच्या परिसरातली घेतली आहेत. पारनेर तालुक्याचा हा माळ, कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरची रात्रीची ट्रकची रांग, रस्ता सोडला की लगेच सुरू होणारा अंधार. परदेशी किल्ल्यातल्या तळघरापेक्षा इथे मांडलेली गोष्ट खेळाडूंना लवकर भिडते, हा माझा ठाम विश्वास आहे.

आधी लिहिण्याची पद्धत. '१डी६+२' म्हणजे सहा बाजूंचा एक फासा टाकायचा आणि आलेल्या आकड्यात दोन मिळवायचे. 'डी'च्या आधीचा आकडा किती फासे ते सांगतो, नंतरचा आकडा फाशाला बाजू किती ते. पुस्तकात त्याच्या शेजारी सरासरीही छापलेली असते. डी४ ची सरासरी अडीच, डी६ ची साडेतीन, डी८ ची साडेचार, डी१० ची साडेपाच, डी१२ ची साडेसहा. १डी६+२ ची खरी सरासरी साडेपाच होते. अपूर्णांक सोडून पुस्तकात पाच छापतात. इथे आणि पुढे दिलेले आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. त्यातला मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना मोफत खुला आहे, त्यामुळे महागडं पुस्तक घेतल्याशिवायही खेळता येतं. २०२५ च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये काही प्राण्यांचे आकडे बदलले आहेत, वाचायची रीत मात्र तीच आहे.

फासे सहज मिळत नसतील तर अडून बसू नका. सापशिडीतला फासा डी६ म्हणून चालतोच. पाच किंवा सहा पडल्यावर पुन्हा टाकला की तोच डी४ होतो. त्याच्या जोडीला नाणं उडवा. छापा पडला तर चार मिळवा, झाला डी८. डी६ सोबत नाणं उडवून छाप्याला सहा मिळवले की डी१२. पत्त्यांतली एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं पिसून एक पान ओढलं की डी१०, आणि त्यासोबत नाण्याच्या छाप्याला दहा मिळवले की डी२०. ओढलेलं पान दर वेळी परत घालून पुन्हा पिसायचं, एवढं पथ्य पाळा.

आता मुख्य गोष्ट. फासा एकटा वाचायचा नाही. समोर उभ्या असलेल्या पात्राच्या उरलेल्या हिट पॉइंटशेजारी, म्हणजे ते अजून किती मार सोसू शकतं त्या आकड्याशेजारी, ठेवून वाचायचा. एवढी एक सवय लागली तरी अर्धं काम झालं.

बिबट्याच घेऊ. जुन्नर, शिरूर, पारनेर, संगमनेर या पट्ट्यात त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. नियमांत तो 'पँथर' या नावाने आहे. त्याचा चावा १डी६+२, म्हणजे तीन ते आठ. पंजा १डी४+२, म्हणजे तीन ते सहा. छापील सरासरी अनुक्रमे पाच आणि चार. वाचून वाटतं, काय मोठंसं? पण त्याच्या नोंदीत खाली एक ओळ आहे: वीस फूट सरळ धावत येऊन त्याने पंजा मारला आणि तो लागला, तर सावजाला शक्तीचा सेव्ह करावा लागतो, म्हणजे डी२० टाकून त्यात आपल्या शक्तीचा आकडा मिळवून बारा किंवा त्याहून जास्त आणावे लागतात. तो फसला की सावज जमिनीवर पडतं आणि बिबट्याला त्याच वळणात चावायची संधी मिळते.

समोर पहिल्या पातळीचा जादूगार आहे, हिट पॉइंट सात. नुसता चावा बसला तर तो बेशुद्ध पडण्याची शक्यता तीनात एक. पण पंजा आणि चावा दोन्ही बसले तर? डी४ आणि डी६ एकत्र टाकल्यावर चोवीस प्रकारच्या जोड्या पडू शकतात. त्यांतली फक्त एक, दोन्ही फाशांवर एक, पडली तरच बेरीज सहा होते आणि जादूगार एका हिट पॉइंटवर तगतो. उरलेल्या तेवीस जोड्यांत तो खाली. तेच सावज बारा हिट पॉइंटचा लढवय्या असेल तर चोवीसपैकी सहाच जोड्या त्याला पाडतात. जनावर तेच, फासे तेच, आणि एकासाठी जवळपास खात्रीचं संकट तर दुसऱ्यासाठी चारात एक धोका.

म्हणून डीएमने लढाई मांडण्याआधी छापील सरासरी पाहून थांबू नये. जनावराच्या नोंदीत एकाच वळणात किती वार एकत्र येऊ शकतात ते शोधावं, त्यांची बेरीज करावी आणि टेबलावरच्या सगळ्यात नाजूक पात्राच्या हिट पॉइंटशी ताडून पाहावी. आणि खेळाडूंनी त्याच माहितीवर डोकं चालवावं. बिबट्याला वीस फुटांची सरळ धाव लागते. जादूगाराने भिंतीला, बैलगाडीला किंवा बाभळीच्या झुडपाला पाठ लावून समोर लढवय्या उभा केला, की झेपेचा तो सगळा हिशोब मोडतो. डॅमेज कमी करण्याचा हा मार्ग कोणत्याही ढालीपेक्षा स्वस्त आहे.

बिबट्याबद्दल एक सांगितलंच पाहिजे. या भागात ती नुसती गोष्ट नाही. कुणाच्या घरातलं माणूस, कुणाची शेळी, कुणाचं वासरू त्याने नेलेलं असतं. डाव मांडण्याआधी खेळणाऱ्यांना सरळ विचारा की हे जनावर गोष्टीत आणलं तर चालेल का. कुणी नको म्हटलं तर कारण न विचारता दुसरं जनावर घ्या. लांडगा घ्या, विंचू घ्या. टेबलावर बसलेल्या माणसाच्या मनापेक्षा गोष्ट मोठी नसते.

डॅमेजचा फासा पडण्याआधी वार लागावा लागतो, हेही हिशोबात धरा. बिबट्या डी२० टाकून चार मिळवतो. बेरीज सावजाच्या आर्मर क्लासएवढी किंवा जास्त झाली तर वार बसला. साध्या कपड्यातल्या जादूगाराचा आर्मर क्लास बारा असेल तर शंभरात पासष्ट वार बसतात. साखळीचं चिलखत घातलेल्या, सोळा आर्मर क्लासच्या लढवय्याला पंचेचाळीस. खाली पडलेल्या सावजावर जवळून वार करताना दोन डी२० टाकून मोठा आकडा धरतात, त्यामुळे जादूगाराच्या बाबतीत पासष्टाचे जवळजवळ अठ्ठ्याऐंशी होतात. पडलेलं पात्र उठवणं हे बऱ्याचदा हल्ल्यापेक्षा महत्त्वाचं असतं, ते यामुळे.

डी२० वर सरळ वीस पडला की क्रिट. क्रिटमध्ये डॅमेजचे फासे दुप्पट होतात, पुढे मिळवायचा आकडा मात्र तसाच राहतो. बिबट्याचा चावा १डी६+२ चा २डी६+२ होतो, चौदापर्यंत जाऊ शकतो. नवख्या टेबलांवर सगळी बेरीज करून दुप्पट करतात. त्याने सरासरी तर वाढतेच, शिवाय राक्षसाच्या ताकदीचा आकडाही नाहक दोनदा मोजला जातो. आणखी एक कडक नियम आहे. पात्र शून्यावर आल्यावर जेवढं डॅमेज उरतं ते त्याच्या पूर्ण हिट पॉइंटएवढं किंवा जास्त असेल, तर ते पात्र बेशुद्ध पडत नाही, जागीच मरतं. सात हिट पॉइंटच्या जादूगारासाठी तो आकडा चौदा. म्हणजे क्रिटमध्ये दोन्ही फाशांवर सहा पडले की संपलं. शक्यता छत्तीसात एक, पण शून्य नाही. खेळाडूला हे आधी ठाऊक असावं. मेल्यावर कळलं तर तो पुन्हा खेळायला येत नाही.

इथून पुढे खरी गंमत आहे, कारण सरासरी सारखी असली तरी दोन राक्षस सारखे नसतात.

आपल्या घरांत चल्लस आठ खेळताना चार कवड्या किंवा एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके टाकतात. ज्याने तो डाव खेळला आहे त्याच्या हाताला माहीत असतं की दोन उताणे पुन्हा पुन्हा पडतात आणि चारही उताणे, म्हणजे चल्लस, क्वचित. चिंचोके सरळ पडणारे असतील तर सोळा प्रकारांपैकी सहांत दोन उताणे येतात, आणि चारही उताणे फक्त एकात. चारही पालथे, म्हणजे आठ, तेही एकातच. मधले आकडे पुष्कळ वाटांनी तयार होतात, टोकाचे एकाच वाटेने. म्हणून तर चल्लस आणि आठ पडले की अंगणात आरडाओरडा होतो.

राक्षसाच्या फाशांतही नेमकं हेच घडतं. १डी१२ टाकला तर एक ते बारा प्रत्येक आकड्याला सारखीच संधी, बारात एक. २डी६ टाकले तर सात हा आकडा सहात एक वेळा येतो आणि बारा छत्तीसात एक वेळा. ऑर्कचा परशू १डी१२+३ असतो: चार ते पंधरा, काहीही. लांडग्याचा चावा २डी४+२: चार ते दहा, आणि बहुतेक वेळा सहा-सात-आठच्या आसपास. ऑर्कशी लढताना एका फटक्यात काय होईल याचा नेम नाही. लांडग्याशी लढताना अंदाज येतो, पण लांडगा एकटा येत नाही, आणि कळपातला सोबती सावजाजवळ असला की त्यालाही दोन डी२० टाकून मोठा धरायची मुभा मिळते. माळावर मेंढरं राखणाऱ्या धनगराला हे फासे न पाहताही पटेल.

फासे जितके जास्त, तितका निकाल मध्याकडे झुकतो. प्रौढ लाल ड्रॅगनचा अग्निश्वास १८डी६ चा आहे. कागदावर अठरा ते एकशे आठ; प्रत्यक्षात शंभरातल्या सुमारे पंचाण्णव वेळा ४९ ते ७७ च्या दरम्यान, सरासरी ६३. तिथे नशिबावर विसंबण्यात अर्थ नाही. ज्याच्यापाशी ऐंशीहून कमी हिट पॉइंट आहेत त्याने ड्रॅगनच्या तोंडासमोर उभं राहूच नये.

'+४' सारख्या मिळवण्याच्या आकड्याकडेही नीट पाहा, कारण तो कधी हुकत नाही. ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसाचा सोटा २डी८+४ आहे. माणसाच्या हातातला असा सोटा १डी८ चा. मोठ्या आकाराच्या प्राण्याच्या हातात शस्त्राचा फासा दुप्पट होतो, हा पुस्तकातला सर्वसाधारण ठोकताळा. दोन्ही फाशांवर एक पडला तरी सहा लागतातच. बारा हिट पॉइंटचा लढवय्या एका फटक्यात पडण्याची शक्यता चौसष्टात त्रेचाळीस, म्हणजे तीनात दोन. पहिल्या पातळीच्या टोळीसमोर ओगर आणायचा असेल तर पळायची वाट ठेवून आणा. त्याच्याशी बोलता यावं, त्याला फसवता यावं, त्याला शेळी देऊन वाटेला लावता यावं.

विषाचं थोडक्यात. विषारी सापाचा चावा फक्त एक डॅमेजचा आहे. खरा मार पुढच्या २डी४ विषाचा, आणि सेव्ह जमला तर त्याचा अर्धा. अर्धं करताना आधी सगळे फासे आणि मिळवायचे आकडे एकत्र करा, मग अर्धं करा, आणि अपूर्णांक सोडून द्या. एखाद्या पात्राला त्या प्रकारच्या माराविरुद्ध प्रतिकार असेल तरी हाच क्रम. खेळात विष एका क्षणात उतरतं, झोपून उठलं की पात्र ठणठणीत. घरची लहान मुलं टेबलाशी असतील तर त्यांना स्पष्ट सांगा की खऱ्या सर्पदंशाला मंत्र नाही, झोप नाही, तातडीने दवाखानाच.

हे वेगवेगळे फासे खेळात पहिल्यापासून नव्हते. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी खेळ छापला तेव्हा खंजीर असो की परशू, बहुतेक वारांना एकच डी६ होता. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने शस्त्राशस्त्राला आणि राक्षसाराक्षसाला निराळे फासे दिले. मला तो बदल त्या खेळाच्या घडणीतला फार मोठा वाटतो. त्या दिवसापासून फासा हा त्या प्राण्याच्या स्वभावाचा भाग झाला.

टेबलावर फासे टाकायचे की छापील सरासरी धरायची, असं नवे डीएम नेहमी विचारतात. नियमांत दोन्हीला मुभा आहे. माझं मत असं की सहा-सात लांडग्यांची झुंड आली की सरासरी सात धरून झटपट पुढे जावं. प्रत्येक लांडग्यासाठी फासे टाकत बसलात तर खेळाडू मोबाइल काढतात. पण एकच मोठा राक्षस असेल तर फासे टाका, आणि सगळ्यांसमोर टाका. पडद्यामागे टाकून आकडा हळूच बदलायची सवय लागली की खेळाडूंना ते कधी ना कधी कळतं, आणि मग कुठलाच आकडा त्यांना खरा वाटत नाही. लढाई जड जाते आहे असं दिसलं तर राक्षसाचं वागणं बदला. तो जखमी होऊन मागे सरू दे, दुसऱ्या सावजाकडे वळू दे. पडलेला फासा मात्र पडलेलाच राहू द्या.

आकडा सांगतानाही तो उरलेल्या हिट पॉइंटशी जोडून सांगा. चाळीसपैकी आठ गेले तर पंजा ढालीवरून घसरला आणि दंडाला ओरखडा उठला. नऊपैकी आठ गेले तर तोच पंजा खांद्यात रुतला, हातातली काठी सुटली, गुडघे टेकले. आठ तेच असतात, पण नुसतं "आठ लागले" म्हणणाऱ्या डीएमच्या टेबलावर आणि हे सांगणाऱ्याच्या टेबलावर खेळणं यांत फार अंतर आहे.

शेवटी, स्वतःचा राक्षस कसा घडवायचा. याच तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठणचा खंडोबा आहे, पौष पौर्णिमेला यात्रा भरते. खंडोबाची कथा म्हणजे मणी आणि मल्ल या दैत्य भावांशी झालेलं युद्ध, आणि मरताना शरण आलेल्या मणीला देवाने आपल्याजवळ जागा दिली, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. देवाला सोंगटी करून पटावर उतरवू नये असं मला वाटतं, कारण कित्येक घरांचं ते कुलदैवत आहे. पण मणी-मल्लांसारखे दोन दैत्य भाऊ गोष्टीत आणायला उत्तम.

समजा टोळी तिसऱ्या पातळीची आहे. लढवय्याचे हिट पॉइंट अठ्ठावीस, जादूगाराचे सतरा. लढवय्या साधारण तीन फटके सोसेल असं ठरवा, म्हणजे फटक्याची सरासरी दहाच्या आसपास हवी. आता साडेदहा सरासरी देणारे फासे बघा: ३डी४+३, १डी१२+४, १डी२०. तिन्ही कागदावर सारखे.

थोरल्या भावाला ३डी४+३ द्या. कमीत कमी सहा, जास्तीत जास्त पंधरा, आणि दहातल्या जवळजवळ सात वेळा नऊ ते बाराच्या आत. हा शिस्तीचा योद्धा झाला. क्रिट सोडलं तर जादूगाराला तो एका फटक्यात कधीच पाडू शकत नाही, पण दोन फटके बसले तर शंभरात पंचाण्णव वेळा पाडतो. धाकट्याला १डी२० द्या. त्याचा एक फटका पाचात एक वेळा जादूगाराला सरळ झोपवतो. आणि दोन फटके बसूनही शंभरात तीस वेळा जादूगार उभाच राहतो. कधी भुईवर गदा आपटून नुसती धूळ उडवतो, कधी वीस. क्रिटमध्ये त्याचे दोन डी२० होतात, आणि बेरीज चौतीसवर गेली की जादूगार जागीच जातो. क्रिट बसलंच तर त्याची शक्यता शंभरात सात. ही रिस्क तुमच्या टेबलाला जड वाटत असेल तर धाकट्याला १डी१२+४ वर आणा. तो उतावळा राहील, पण थेट जीव घेण्याइतका नाही.

खेळाडूंना हे फासे आधी सांगू नका. दोघांशी दोन-तीन फेऱ्या लढू द्या. थोरल्यासमोर लढवय्याने दोन फटके खाऊन मागे सरायचं आणि वैद्याने त्याला सावरायचं, हे त्यांना आपोआप सुचेल, कारण तिथे हिशोब चालतो. धाकट्यासमोर तो चालत नाही. त्याला दोरखंडाने बांधा, खड्ड्यात पाडा, झोपेची जादू टाका, म्हणजे मुळात त्याचा फासा पडूच देऊ नका. थोरल्याचे हिट पॉइंट पाव उरले की त्याला गुडघ्यावर आणा आणि शरण येऊ द्या. धाकटा तेव्हा काय करतो, ते तुमच्या टेबलावरच ठरवा.